समुद्राकडे पाठ करून बसलेली घरे

परीक्षा संपल्या किंवा नाताळची सुट्टी जवळ आली, की आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात समुद्रावर जायचा विषय निघतो. कुठल्या गावाला जायचे यावर सहसा फार वाद होत नाही. वाद सुरू होतो तो उतरायचे कुठे यावर. मुलाला पोहण्याचा तलाव असलेले रिसॉर्ट हवे असते. समुद्राच्या काठी जाऊन तलावात पोहण्यात काही विसंगती आहे असे त्याला वाटत नाही. सुनेला स्वच्छ न्हाणीघर आणि चोवीस तास पाणी हवे असते. आजोबांना जिने नको असतात, आजींना सकाळी सहाला चहा हवा असतो आणि नातवाला मोबाईलची रेंज. या सगळ्या मागण्यांची बेरीज-वजाबाकी होऊन शेवटी फोनवर एकच प्रश्न विचारला जातो : "खोलीतून समुद्र दिसतो ना?" पलीकडून "एकदम समोर!" असे उत्तर आले की थोडे जास्त पैसे मोजायची सगळ्यांची तयारी असते.

हा प्रश्न इतका सरावाचा झाला आहे, की त्यात विचार करण्यासारखे काही असेल असे कुणाला वाटत नाही. पण कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांनी आपली घरे कशी बांधली, हे पाहिले तर मौज वाटते. त्यांच्या घरांतून समुद्र दिसत नाही.

दिवेआगर घ्या, गुहागर घ्या, केळशी घ्या किंवा दापोली तालुक्यातले, महर्षी कर्व्यांचे मुरूड घ्या. गावाची ठेवण साधारण एकच. समुद्राला समांतर जाणारा एक लांबच लांब रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना घरे, घरापुढे अंगण. समुद्राच्या बाजूच्या घरांचे तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. घरामागे विहीर, विहिरीमागे नारळ-सुपारीची वाडी. वाडी संपते तिथे केवड्याचे किंवा सुरूचे बन, आणि त्याच्यापलीकडे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसलेल्या माणसाला समुद्र ऐकू येतो, पण पाहायचा तर उठून वाडीतून पाच-दहा मिनिटे चालत जावे लागते.

समुद्राचे सौंदर्य या माणसांना कळत नव्हते, असे समजण्याचे कारण नाही. त्यांना समुद्र कळत होता, म्हणून त्यांनी घरे मागे घेतली. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा कौले उचलतो. हवेतला खार लोखंडाला खातो, चुन्याचा गिलावा सोलून काढतो. वाळू उडते आणि दारे-खिडक्यांच्या फटींतून आत येते. आषाढातल्या उधाणाचे पाणी नेहमीची रेषा सोडून वर येते. या सगळ्याला अडवायला आधी सुरू-केवड्याचा पडदा, मग वाडीचा, आणि त्याच्या आडोशाला घर, अशी ती रचना होती. त्यात सुरू हे झाड तर मूळचे इथले नव्हेच. ते बाहेरून आले आणि वारा अडवण्यासाठी मुद्दाम लावले गेले. म्हणजे आडोसा कमी पडला, तर माणसे तो वाढवत होती. आज आपण पैसे मोजतो ते हा आडोसा काढून टाकण्याचे.

बरे, पैसे मोजून मिळते काय? आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. समुद्रासमोरच्या खोलीला भिंतभर काच असते आणि दुपारी दोनपासून मावळतीपर्यंतचे ऊन त्या काचेतून सरळ आत येते. मग पडदे ओढायचे आणि वातानुकूलन यंत्र लावायचे. ते लावले की खिडकी बंद ठेवावी लागते आणि समुद्राच्या आवाजाऐवजी यंत्राची घरघर ऐकत बसावे लागते. सूर्य बुडाल्यावर समुद्र दिसत नाहीच, काळोख दिसतो. सूर्यास्ताची घटकाभराची शोभा खरी, पण ती पाहायला सगळे पुळणीवर गेलेले असतात आणि खोलीला कुलूप असते.

थट्टा बाजूला ठेवू. 'उतरायचे कुठे' हा प्रश्नच मुळात किती नवा आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. माझ्या लहानपणी कोकणात जाणारा माणूस आपल्या घरी, नाहीतर मामाच्या घरी जात असे. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येत आणि ओटीवर, पडवीत, खळ्यात अंथरुणे पडत. कोकण हा सुट्टी घालवायला जाण्याचा प्रदेश नव्हता. पोटासाठी सोडून जाण्याचा प्रदेश होता. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले आणि पुढे गणपतीपुळे, तारकर्लीसारख्या ठिकाणी त्याच्या निवासांमुळे शहरातल्या माणसाला किनाऱ्यावर हक्काची खोली मिळू लागली. पण वळण आले ते १९९७-९८ च्या सुमारास. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी दिवेआगरला एका वाडीत सोन्याचा गणपती सापडला आणि त्या आडगावाकडे गाड्यांची रांग लागली. (तो पुढे २०१२ मध्ये चोरीला गेला आणि २०२१ मध्ये नव्याने प्रतिष्ठापित झाला.) जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली. आलेल्या माणसांना झोपायला जागा नव्हती, म्हणून गावातल्या घरांनी माडीवरची खोली झाडून दिली. 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' अशा हाताने रंगवलेल्या पाट्या त्या काळातल्या.

मी त्या सुमारास किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावी बँकेचा शाखाधिकारी होतो आणि या खोल्यांसाठी कर्ज मागणारे अर्ज माझ्या टेबलावर येत. बँकेच्या दृष्टीने हा अवघड मामला होता. शेतीचे कर्ज म्हणावे तर शेती नाही, हॉटेल म्हणावे तर हॉटेल नाही. महामंडळाची 'निवास-न्याहारी' योजना होती, तिच्या नोंदणीचा कागद जोडला की फाईल जरा सोपी होई. आमच्याकडे मूल्यांकनासाठी शहरातून आलेल्या एका तज्ज्ञांनी अशाच एका घराच्या अहवालात 'जागेवरून समुद्र दिसत नाही' असा शेरा मारला. अर्जदार सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांना तो वाचून दाखवला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, समुद्र दिसत नाही म्हणून तर घर अजून उभं आहे." तारणाची सुरक्षितता याहून चांगली सांगता येणार नाही. तो शेरा मी त्यांच्या बाजूने वाचला.

या धंद्याचे अर्थशास्त्र मला तिथे उमगले आणि ते आजही बदललेले नाही. दोन खोल्यांचे उदाहरण घेऊ. दिवाळी ते मे-अखेर अशा मोसमात तीसेक आठवडे येतात. प्रत्येक शनिवार-रविवारी दोन्ही खोल्या दोन रात्री भरल्या, तर १२० होतात. नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या मधल्या वारांच्या आणखी ४० धरा. दोन खोल्यांच्या वर्षाच्या ७३० रात्रींपैकी भरल्या १६०, म्हणजे शंभरात बावीस. आणि हे सगळे सुरळीत चालले तर. शंभरात बावीस भरणाऱ्या इमारतीवर कर्ज काढून तीन मजले चढवणारा माणूस बुडतो. त्याचा नोकरवर्ग, विजेचे बिल आणि व्याज पावसाळ्यात थांबत नाही. मग तो रिकाम्या खोल्या भरायला काहीही करतो : कंपन्यांच्या पार्ट्या घेतो, रात्री दोनपर्यंत गाणी लावतो, मधल्या वारी निम्म्या दराने खोल्या फुंकून टाकतो.

घरगुती सोय मात्र या हिशेबात तगते. घर आधीच बांधलेले, वाडीचा नारळ-सुपारीचा पैसा चालू, पाहुणा आला तर वरकमाई, नाही आला तर कुणी उपाशी मरत नाही. फक्त हप्ता दरमहा मागायचा नाही, पीककर्जाप्रमाणे मोसम पाहून बांधून द्यायचा. अशी बहुतेक खाती वेळेवर फिटत. म्हणून सांगतो, समुद्रकिनाऱ्याला मानवणारा धंदा कुठला, हे ठरवताना निसर्गप्रेमाची फार गरज नाही. साधी बेरीज पुरते. मोसमी गिऱ्हाईकावर बारमाही इमारत उभी राहत नाही, आणि राहिली तर ती किनाऱ्याकडून वसुली करते.

ती वसुली कशी होते, ते पाहू. इंदिरा गांधींनी नोव्हेंबर १९८१ मध्ये किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवावा, असे कळवले होते. त्याला कायद्याचे रूप आले ते फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून पहिल्या २०० मीटरमध्ये नवे बांधकाम नाही आणि त्यापुढे ५०० मीटरपर्यंत अटींवर परवानगी, असे तिचे ढोबळ स्वरूप. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली आणि जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक असतील तिथे, ही बंदी २०० मीटरवरून ५० मीटरवर आणली.

आता गंमत पाहा. जुन्या गावाने हे अंतर कुठल्याही अधिसूचनेवाचून राखले होते, कारण मध्ये वाडी होती. कायद्याला आज जी रेघ ओढावी लागते, ती तिथे नारळ-सुपारीने ओढलेली होती. वाडी विकली गेली की रेघ पुसली जाते. आणि वाडी विकली जाते ती 'समुद्र दिसणारी जागा' म्हणून. सुपारी देणाऱ्या जमिनीचा भाव सुपारीवर ठरत नाही, आपण फोनवर विचारलेल्या त्या प्रश्नावर ठरतो. अलिबागजवळ किहीमला नीरव मोदींचा बंगला किनारा नियमांचा भंग केल्याबद्दल ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आला. आम्हा बँकवाल्यांना हे नाव दुसऱ्या कारणाने पाठ आहे, तो भाग वेगळा. पण एवढी दारू सगळ्याच बांधकामांच्या वाट्याला येत नाही.

मालवणजवळचे देवबाग ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे अधिक सांगायला नको. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पाहुण्याला दोन्हीकडे पाणी दिसते, यापेक्षा सुंदर जागा नाही. आणि याच पट्टीला समुद्र वर्षानुवर्षे खातो आहे. मग काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घालायचा. दगडावर आपटलेली लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, पुळण अरुंद होते, आणि ज्या पुळणीसाठी लोक आले तिच्या जागी दगडांची रास पाहायला मिळते.

दुसरी वसुली पाण्याची. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर फिरतात, हे आपण वाचत आलो आहोत. किनाऱ्यालगत आणखी एक गोष्ट असते. वाळूखाली मुरलेले पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, दुधावर साय असावी तसे. रहाटाने शिंपणे चाले तेव्हा वरची साय हळूहळू निघे आणि पावसात पुन्हा धरे. विजेच्या पंपाने ती एका दिवसात ओढली की खालचे खारे पाणी वर येते. एकदा विहीर मचूळ झाली की नुसते पाहुण्यांचे चहापाणी बिघडत नाही, वाडीची मुळेही जळतात. त्यात वाळूत खणलेल्या शोषखड्ड्याचे पाणी कुठे जाते, हा प्रश्न उरतोच. वीस खोल्या, प्रत्येक खोलीला टब आणि मागे तलाव, असे बांधकाम ज्या विहिरीवर चालते, ती विहीर शेजाऱ्याच्या विहिरीला खालून जोडलेली असते. समुद्राकाठी पाण्याला सातबारा नसतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीला फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात, नारळाला त्याहून जास्त. म्हणजे एका दुपारीत एका पिढीचे उत्पन्न गेले. टाळेबंदीमुळे मार्चपासून पाहुणाही नव्हता. ते वर्ष किनाऱ्यावरच्या माणसांनी कसे काढले, ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण नंतर गाड्या येऊ लागल्या, तेव्हा वाडी पुन्हा उभी राहीपर्यंत चूल चालली ती पाहुण्यांवर. ज्या घरांनी वाडी राखून खोल्या काढल्या होत्या, त्यांच्याकडे दोन पाय होते. एक मोडला तेव्हा दुसऱ्यावर उभे राहता आले. आपण उतरायला कुठले घर निवडतो याचा अर्थ तिथे जाऊन कळतो. आपल्या चार दिवसांच्या पैशात कुणाची तरी सुपारीची रोपे असतात.

याचे सर्वांत चांगले उदाहरण मंडणगड तालुक्यातले वेळास. नाना फडणविसांचे हे गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री वर येऊन वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसे आणि कोल्हीकुत्री पळवत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने ही घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला शेकडो लोक येतात. ते उतरतात गावकऱ्यांच्या घरांत. ओटीवर गाद्या, पंगतीला बसून जेवण, पहाटे उठून किनाऱ्यापर्यंत चालत जाणे. तिथे कुणी 'समुद्र दिसतो का' विचारत नाही. पाहुण्याचा पैसा घराघरांत जातो, म्हणून कासवाचे अंडे खाण्यापेक्षा राखणे गावाला परवडते.

आणि इथे त्या समुद्रासमोरच्या खोलीचा आणखी एक हिशेब कळतो. अंड्यातून बाहेर पडलेले कासवाचे पिल्लू रात्री उजेडाकडे धावते. लाखो वर्षे किनाऱ्यावर रात्रीचा सर्वांत उजळ भाग समुद्राचा होता, म्हणून ते बरोबर पाण्याकडे जात असे. किनाऱ्यावर दिव्यांची माळ लागली की पिल्लू उलटे फिरते आणि जमिनीकडे चालू लागते. आपल्या सज्जातला दिवा त्याच्यासाठी खोटा समुद्र होतो.

गावातल्या घरात उतरण्याचा एक फायदा मात्र पैशात मोजण्यासारखा नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जंजिऱ्याच्या मुरूडला सहलीला आलेले पुण्याच्या महाविद्यालयातले १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. अशा बातम्या आपण दर मोसमात वाचतो. शहरातून आलेल्या माणसाला समुद्र हा मोठा तलाव वाटतो. किनाऱ्यावरच्या घरात मात्र भरती-ओहोटीची वेळ घड्याळाइतकी मुखोद्गत असते. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते, हा त्यांचा साधा हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. जागेप्रमाणे थोडे मागेपुढे होते. भरती पूर्ण होऊन पाणी उतरू लागले की ते माणसाला आत ओढते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास हा ओढा सर्वांत जोरात. "आता जाऊ नका, पाणी परतलंय," असे दारातून ओरडून सांगणारी घरमालकीण ज्या निवासात असते, त्याला किती तारे द्यायचे?

याचा अर्थ घरगुती ते सगळे गोड, असे मी म्हणत नाही. 'होम स्टे' ही पाटी आता कुणीही लावतो. घर भाड्याने घेतलेले, मालक ठाण्याला, चावी एका पोरगेल्या रखवालदाराकडे आणि जेवण बाहेरून, असे 'घर' पुष्कळ ठिकाणी असते. खऱ्या घरांतही उणिवा असतात. गाद्यांना पावसाळ्याचा वास येतो, भिंती पातळ असतात, वीज जाते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना माडीवरची खोली आणि अंगणापलीकडचे न्हाणीघर झेपत नाही. त्यांच्यासाठी महामंडळाचे निवास किंवा गावातले बेताचे हॉटेल खुशाल निवडावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. चांगले चालवलेले हॉटेलही गावातल्या पोरांना पगार देते. ते वाडीच्या अलीकडे उभे आहे की पलीकडे, एवढेच पाहावे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहते. माझ्याकडे आलेल्या त्या कर्ज-अर्जांवर सही घरातल्या पुरुषाची असे. धंद्याचे खरे भांडवल मात्र स्वयंपाकघरात असे. पहाटे पाचला चहाचे आधण ठेवणारी, दुपारी पंधरा पाने वाढणारी, रात्री अकराला शेवटचे भांडे उपडे घालणारी बाई कुठल्याच ताळेबंदात दिसत नसे. आज पुष्कळ घरांत खाते तिच्या नावावर आहे, बचत गटाची कोकमे आणि लोणची ओटीवर विकायला ठेवलेली असतात, हा चांगला बदल. पण संध्याकाळी सातला फोन करून "आम्ही बारा जण येतोय, आठपर्यंत जेवण तयार ठेवा, सुरमई पाहिजे," असे सांगणारे पाहुणे बदललेले नाहीत. मासळी सकाळी लिलावात घेतात, संध्याकाळी नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताजी सुरमई मागणाऱ्याला बर्फातली मिळते. शाकाहारी घरात उतरलात तर कुळथाचे पिठले, फणसाची भाजी आणि उकडीचे मोदक मागा. मासे हवे असतील तर मच्छीमाराच्या घरी उतरा. प्रत्येक घराकडून प्रत्येक गोष्ट मागू नका.

कर्ज देण्यापूर्वी बँक अर्जदाराला पाच-सहा प्रश्न विचारते. खोली ठरवण्यापूर्वी आपणही तसेच विचारायला हरकत नाही. घरात राहते कोण? पाणी विहिरीचे की टँकरचे, आणि मे महिन्यात पुरते का? सांडपाणी कुठे सोडता? समुद्र किती पावलांवर आहे, आणि मध्ये काय आहे? रात्री किनाऱ्याकडचे दिवे मालवता का? जेवण कोण करते आणि आदल्या दिवशी काय काय सांगावे लागेल? या प्रश्नांना फोनवर नीट उत्तरे देणारा माणूस भेटला, की खोली बहुधा चांगलीच निघते. जो चिडतो, त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही. आणि 'मध्ये काय आहे?' या प्रश्नाला 'काही नाही, सरळ समुद्र' असे उत्तर आले, तर आणखी एक फोन करावा.

कारण चौकशी ही एका अर्थाने मागणी असते. हजारो लोकांनी 'समुद्र दिसतो का' विचारले म्हणून सुरूची बने तुटली. तेवढ्याच लोकांनी 'वाडी आहे का' असे विचारायला सुरुवात केली, तर वाडी राखणे फायद्याचे ठरेल. किनाऱ्यावरचा शेतकरी हिशेबाला पक्का असतो. गिऱ्हाईक काय मागते, ते तो आपल्याआधी ओळखतो. संध्याकाळी वाडीतून पाटाच्या कडेकडेने चालत जावे, पोफळींच्या सावलीतून बाहेर पडावे आणि मग एकदम समोर समुद्र यावा, यात खोलीच्या काचेतून दिसणाऱ्या समुद्रापेक्षा काही कमी आहे, असे मला कधी वाटले नाही.